वीजबिलावरची नावं : मुंबईच्या गॅस आणि वीज कंपन्यांची वंशावळ

तारवाला

माहीम कॉजवेच्या अलीकडे बेस्टचं बिल, पलीकडे अदानीचं. मुलुंड-भांडुपला महावितरण. आणि अधेमधे कुणाच्या मीटरवर टाटा. एका महापालिकेच्या हद्दीत वीज विकणारे चार जण आहेत, आणि हे कुणी ठरवलं असं विचारलं की बहुतेक लोक ‘सरकारनं’ म्हणून मोकळे होतात. लायसन्सं सरकारनं दिली हे खरं. पण ती मागणाऱ्या कंपन्या होत्या, आणि त्यांनी मागितली तेव्हा मुंबई शहर माहीम-शीवला संपत होतं. उपनगरं महापालिकेत आली १९५० आणि १९५७ साली. विजेच्या रेघा त्याच्या कितीतरी आधी पडल्या होत्या, त्या कुणी पुसल्या नाहीत.

सुरुवात विजेपासून नाही, गॅसपासून करावी लागते. बॉम्बे गॅस कंपनी १८६२ची, नोंदणी इंग्लंडातली. १८६५मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर तिचे दिवे लागले. कलकत्त्यात ओरिएंटल गॅस कंपनी त्याही आधीची, १८५३ची. म्हणजे रस्ता खोदून नळ टाकायचे, महापालिकेशी दिव्यांचा करार करायचा, घरोघरी मीटर बसवून महिन्याला पैसे घ्यायचे, हा सगळा धंदा विजेच्या आधी गॅसवाल्यांनी बसवला. वीजवाल्यांना तो तयार मिळाला.

वीज मुंबईत आली ती दिव्यासाठी कमी आणि ट्रामसाठी जास्त. घोड्यांची ट्राम १८७४पासून चालू होती. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी, म्हणजे पुढची बेस्ट, उभी राहिली, तिनं जुनी ट्राम कंपनी विकत घेतली, वाडीबंदरला वीजघर काढलं आणि मे १९०७मध्ये विजेची ट्राम धावली. दोन धंदे एकत्र का? कारण तेव्हा वीज मोठ्या प्रमाणात साठवता येत नसे. दिवे लागतात संध्याकाळी, त्या चार तासांसाठी घेतलेली यंत्रं दिवसभर बसून राहणार आणि त्यांच्या कर्जावरचं व्याज मात्र चालूच. ट्राम दिवसभर वीज खाते. नंतर मोठ्या झालेल्या जवळजवळ प्रत्येक वीज कंपनीनं सुरुवातीला असं दिवसाचं गिऱ्हाईक शोधलेलं दिसतं. टाटांनी गिरण्या धरल्या.

टाटा हायड्रोची नोंदणी १९१०ची. १९११मध्ये वळवण धरणाची कोनशिला, ८ फेब्रुवारी १९१५ला खोपोलीचं वीजघर चालू. मग आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय, तिची वीज १९२२मध्ये भिवपुरीहून. मग टाटा पॉवर, १९२७ला भिरा. तीन धरणसमूह, तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळे भागधारक. त्या एकत्र झाल्या थेट २००० साली! इतकी वर्षं ‘टाटा इलेक्ट्रिक कंपनीज’ असं अनेकवचनी नाव चालत होतं ते त्यामुळे.

उपनगरांसाठी १९२९मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय. आपली बीएसईएस. हिची मॅनेजिंग एजंट किलिक निक्सन. स्वतःचं वीजघर नाही, टाटांकडून ठोक घ्यायची आणि वांद्र्याच्या पुढे किरकोळ विकायची. स्वतःचं डहाणूचं केंद्र यायला १९९५ उजाडलं.

म्हणजे शहर बेस्टचं, उपनगर बीएसईएसचं, आणि दोघांचा घाऊक व्यापारी टाटा. नावं बदलली, मालक बदलले, पण हा साचा बराचसा तसाच आहे. माझं म्हणणं एवढंच की आजचं आपलं बिल समजायचं असेल तर जुन्या लायसन्सांची कलमं वाचावीत. जाणकारांनी भर घालावी.

---

लालबागची मावशी

छान धागा! आमच्या लालबागला गॅस कंपनी लेन आहे, आणि आजच्या पोरांना वाटतं तिथं सिलिंडरचं गोदाम असेल. तो गॅस नेमका कसला होता हो? खाणीतला तर नसणार.

---

तारवाला

कोळशाचा, मावशी. दगडी कोळसा बंद भट्टीत हवेशिवाय तापवायचा. त्यातून हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचं मिश्रण निघतं, ते धुऊन, गाळून मोठ्या टाकीत साठवायचं. टाकी म्हणजे पाण्यात उलटी ठेवलेली लोखंडी घंगाळी. गॅस भरला की वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. तिच्या वजनानंच नळांत दाब राहतो. मागे उरलेला कोक विकायचा, डांबर विकायचं, अमोनिया विकायचा. गॅस कंपनीचा नफा बऱ्याचदा या उरल्यासुरल्यातच असायचा.

कार्बन मोनॉक्साइडमुळे हा गॅस विषारी, गळती झाली तर माणूस झोपेत जायचा. आजचा पाईप गॅस जवळजवळ निव्वळ मिथेन, तो जळतो आणि स्फोट होतो, पण तसा विषारी नाही.

---

खोपोलीकर

टाटांच्या भांडवलाची गोष्ट राहिली. लंडनच्या बाजारात हात फारसे पुढे आले नाहीत, म्हणून पैसा इथूनच उभा केला गेला, व्यापारी आणि संस्थानिक यांच्याकडून. जमशेटजी १९०४ला गेले, पुढचं सगळं दोराबजींच्या काळातलं. घाटमाथ्यावरचं पाणी वळवून वीज करायची ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या इंग्रज आर्किटेक्टनं मांडली होती.

तांत्रिक गंमत अशी की पाऊस फक्त चार महिने. नदीवर वर्षभर चालणारं वीजघर इथं शक्यच नव्हतं. म्हणून लोणावळा, वळवण, शिरवता असे तलाव करून पावसाचं पाणी साठवायचं आणि घाटाच्या कड्यावरून पाचशे मीटरच्या वर उंचीवरून नळांतून खाली खोपोलीत सोडायचं. पाणी तुलनेनं थोडं, पण उंची भरपूर. आजही खोपोली ७२ मेगावॉट देतं. वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हासमध्ये, भिऱ्याचं कुंडलिकेत. कोलाडला राफ्टिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, उन्हाळ्यातली ती लाट टाटांच्या वीजघरानं सोडलेली असते.

---

पौडखोरे

खोपोलीकर, राफ्टिंग झालं, आता मुळशीचंही लिहा की, भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या टाटांच्या धरणाचं. मुळा नदी भीमेची. तिचं पाणी पूर्वेला जायचं ते कोकणात उतरवलं. आणि जमीन घेतली ती भूसंपादन कायद्यानं, एका खाजगी कंपनीसाठी. १९२१ ते १९२४ मावळे बसले होते धरणावर, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत. भाताची खाचरं पाण्याखाली गेली, दिवे लागले परळच्या गिरण्यांत.

कंपन्यांचे इतिहास लिहिताना भागधारकांची नावं येतात, जमिनी गेलेल्यांची येत नाहीत. वंशावळीत त्यांनाही जागा हवी.

---

खोपोलीकर

मान्यच आहे. एक भर घालतो. तेव्हा बाजू मांडणारे म्हणायचे की देशी भांडवलाचा देशी प्रकल्प आहे, त्याला विरोध कसला. स्वदेशीवाल्यांमध्येच त्यावरून दोन तट पडले होते. कंपनी देशी असली तरी शेतकऱ्याच्या हाती आलेली नोटीस परक्या सरकारच्या कायद्याचीच होती, हे बापटांना दिसलं.

---

कलमबहाद्दर

वकिली चष्म्यातून थोडं. तारवाल्यांनी १९०५चा उल्लेख केला पण खरी गोम सांगितली नाही. करार झाला ७ ऑगस्ट १९०५ला. महापालिकेनं कंपनी ताब्यात घेतली ७ ऑगस्ट १९४७ला. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, म्हणून लोकांना वाटतं राष्ट्रीयीकरणाचा काहीतरी भाग असेल. तसं काही नाही. दोन तारखांची वजाबाकी करा, बरोबर बेचाळीस वर्षं येतात.

हे बेचाळीस विलायतेतून आलं. १८८२च्या इंग्लिश कायद्यात तरतूद होती की वीज कंपनीला एकवीस वर्षं धंदा करू द्यायचा, मग स्थानिक संस्थेला तो विकत घेण्याचा हक्क. तो कायदा आणणारे व्यापार मंडळाचे अध्यक्ष जोसेफ चेंबरलेन, बर्मिंगहॅमचे महापौर असताना गावाच्या गॅस कंपन्या पालिकेत ओढलेला माणूस. गुंतवणूकदार बिथरले. एकवीस वर्षांत पैसे वसूल कसे व्हायचे? १८८८ला दुरुस्ती करून बेचाळीस केली. इथल्या १९१०च्या वीज कायद्यातही मुदत संपल्यावर खरेदीचं कलम होतंच.

आता गंमत पाहा. ज्या पालिकेनं किंवा सरकारनं हे कलम वेळेवर वापरलं, तिथं सार्वजनिक संस्था आली. जिथं वापरलं नाही, तिथं खाजगी कंपनी टिकली. मुंबई शहरानं वापरलं. उपनगरांत वेळ आली तेव्हा वापरलं गेलं नाही. अहमदाबाद, सुरत, कलकत्ता इथंही खाजगी राहिली. बाकी महाराष्ट्रात १९६०नंतर वीज मंडळानं एकेक लायसन्स गिळत नेलं. यात विचारधारा शोधायला गेलात तर फार काही हाती लागणार नाही. मुदत संपली तेव्हा तिजोरीत पैसे होते का, एवढंच पाहा.

---

फ्यूजउडाला

वाचतोय. बेचाळीसचा हिशोब भारी. पुढचा भाग टाका.

---

सदाशिवपेठी मीटर

पुण्याला कुणी विचारतच नाही. आमची पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी होती, वडील ‘पेस्को’ म्हणायचे.

---

कलमबहाद्दर

पुण्याला विसरून कसं चालेल, कायद्याच्या पुस्तकात तुमची कंपनी अमर आहे! पूना इलेक्ट्रिक विरुद्ध आयकर, सुप्रीम कोर्ट, १९६५.

१९४८च्या वीजपुरवठा कायद्याच्या सहाव्या परिशिष्टानं खाजगी वीज कंपन्यांच्या नफ्याला वेसण घातली. भांडवलावर ‘वाजवी परतावा’ मिळेल, त्याच्यावर नफा झाला तर त्यातला हिस्सा ग्राहकाला सूट म्हणून परत. पूना इलेक्ट्रिकनं तशी रक्कम ग्राहकांच्या नावानं राखीव ठेवली. आयकरवाले म्हणाले, हा नफाच, कर भरा. कोर्टानं सांगितलं की जे पैसे कायद्यानंच ग्राहकाचे आहेत ते कंपनीचा खरा नफा नव्हेत. आज नियामक आयोगापुढे दरनिश्चितीच्या सुनावण्यांत जो ‘भांडवलावरील परतावा’ घोकला जातो, त्याचे आजोबा हे सहावं परिशिष्ट.

नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर, ठाणा इलेक्ट्रिसिटी सप्लाय, जळगावची अमाल्गमेटेड इलेक्ट्रिसिटी, या सगळ्या कंपन्या आता फक्त निवाड्यांच्या शीर्षकांत जिवंत आहेत.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून नमस्कार. आमच्या गावाचं नावच एडिसन असल्यामुळे लिहिणं भाग आहे.

इथं मला गॅस आणि वीज एकाच कंपनीकडून येते, पीएसई अँड जी. हिचं कूळ बेस्टशी फार मिळतंजुळतं आहे. १९०३ साली नेवार्कमध्ये रेल्वेनं ट्रामला धडक दिली, शाळेची मुलं दगावली. चौकशीत ट्राम कंपन्यांची आर्थिक दुर्दशा बाहेर आली. त्यातून थॉमस मॅककार्टर या वकिलानं राज्यभरच्या गॅस, वीज आणि ट्राम कंपन्या गोळा करून पब्लिक सर्व्हिस कॉर्पोरेशन उभी केली. म्हणजे बेस्ट अधिक गॅस. फरक असा की तिकडे महापालिकेनं घेतली आणि बस-वीज एकत्र ठेवलं, इथं दोन्ही तुटलं. १९३५मध्ये रूझवेल्ट सरकारनं होल्डिंग कंपन्यांवर कायदा आणला, आणि वाहतूक अखेर १९८०मध्ये न्यू जर्सी ट्रान्झिट या सरकारी संस्थेकडे गेली.

तो कायदा का आला, त्याचा मुंबईशीही संबंध आहे. विसाच्या दशकात इथं कंपनीवर कंपनी, तिच्यावर आणखी कंपनी असे मनोरे रचले गेले. तळाच्या गावातल्या ग्राहकाच्या बिलातून वरच्या पाच मजल्यांना लाभांश. शिकागोच्या सॅम्युअल इन्सलचा असा मनोरा १९३२ला कोसळला. दुसरा मोठा मनोरा इलेक्ट्रिक बाँड अँड शेअर, जनरल इलेक्ट्रिकनं १९०५ला काढलेला. त्याची परदेशातली शाखा अमेरिकन अँड फॉरिन पॉवर. आणि या शाखेनं १९२९मध्ये टाटांबरोबर भागीदारीत टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक एजन्सीज काढली, टाटांच्या तिन्ही वीज कंपन्यांची मॅनेजिंग एजंट म्हणून. त्याच वर्षी शांघायची वीज कंपनीही त्यांनी घेतली. स्वदेशी वीज म्हणून गाजलेल्या धरणांचं व्यवस्थापन काही काळ अर्धं न्यूयॉर्कचं होतं.

---

पौडखोरे

हे माहीतच नव्हतं. मुळशीवाल्यांना सांगायला हवं होतं कुणीतरी.

---

लालबागची मावशी

मॅनेजिंग एजंट म्हणजे नेमकं काय? मॅनेजर?

---

तारवाला

मॅनेजर नव्हे, मॅनेजर असलेली आणखी एक कंपनी. भागधारकांनी पैसे घालून कंपनी काढायची, पण ती चालवायचं कंत्राट लांब मुदतीनं एका पेढीला. पेढीला कमिशन; कोळसा खरेदी, यंत्रखरेदी, कर्ज उभारणी सगळं तिच्यामार्फत. कमी पैसे घालून पुष्कळ कंपन्यांवर ताबा. किलिक निक्सन ही मुंबईची १८५७ची पेढी, कापूस-जहाजवाली, तिच्या हाताखाली बीएसईएस, अहमदाबाद इलेक्ट्रिसिटी, सुरत इलेक्ट्रिसिटी अशी माळच होती. १९७०ला ही पद्धत कायद्यानं बंद झाली. पेढ्या गेल्या, कंपन्या उघड्या पडल्या, आणि मग ज्याला बाजारातून शेअर गोळा करता आले त्याची चांदी.

---

खानदेशी वायरमन

निवृत्त माणूस आहे, मंडळात खांबावर चढण्यापासून सुरुवात केली. लोक अजून ‘एमएसईबीचा माणूस आला’ म्हणतात. ती एमएसईबी २० जून १९६०ची, आणि ६ जून २००५ला तिचे तुकडे झाले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, वर सूत्रधारी कंपनी. मंडळ मोडायला एन्रॉनचा धक्का मोठा. दाभोळची वीज १९९९ला घेतली आणि २००१ला बिल परवडेना म्हणून बंद. पण एकट्या एन्रॉनवर खापर फोडणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. गळती, चोरी, थकलेली शेतीपंपांची बिलं हे दुखणं जुनं.

मला वेगळंच सांगायचंय. मालेगावला मार्च २०२०पासून फ्रँचायझी, म्हणजे महावितरणच्या वतीनं वीज वाटायचा ठेका, कुणाची? सीईएससीची. म्हणजे १८९७ साली लंडनमध्ये नोंदलेली कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय, ती आता गोएंकांची. भिवंडीला २००७पासून टोरंट. टोरंटचा वीजवाटपाचा पाया अहमदाबाद इलेक्ट्रिसिटी, १९१३ची, वर तारवाल्यांनी सांगितली ती किलिक निक्सनवाली. म्हणजे मंडळानं ज्या खाजगी कंपन्या संपवल्या त्यांच्या जागी, मंडळाच्या हातून सुटलेल्या दुसऱ्या खाजगी कंपन्या आल्या. यंत्रमागाच्या दोन्ही गावांत.

जळगाव तर पाहाच. आधी अमाल्गमेटेड, मग मंडळ, मग महावितरण, २०११ला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज फ्रँचायझी, २०१५ला परत महावितरण. खांब तेच हो. आम्हीच चढायचो.

---

संत्रानगरी

नागपूरलाही तेच. २०११ला फ्रँचायझी, २०१९ला गाशा गुंडाळला. औरंगाबादही मधेच सुटलं. भिवंडी मात्र टिकली. यात कंपनीचा गुण किती आणि गिऱ्हाइकाचा किती?

---

खानदेशी वायरमन

दोन्ही. भिवंडीत मागाचा लोड दिवसरात्र, आणि गळती इतकी की थोडी जरी आवळली तरी पैसा दिसतो. ट्रान्सफॉर्मर बदलले, मीटर पेटीत टाकून उंचावर नेले, चोरीसाठी तारांवर टाकलेले आकडे काढले. नागपुरात घरगुती ग्राहक जास्त, बोली लावताना धरलेला हिशोब पुढे जुळला नाही. फ्रँचायझी महावितरणकडून ठरलेल्या दरानं वीज घेते आणि वसुलीतून जगते. बोलीत दर चढा लावला की पहिल्या दुष्काळातच मान अडकते.

---

यमुनाकाठी

दिल्लीत राहणारा मराठी माणूस. आमच्या बिलावर मोठ्या अक्षरांत बीएसईएस राजधानी, नदीपलीकडच्यांना बीएसईएस यमुना. इथल्या कुणालाही सांगा की पहिला बी बॉम्बेचा आणि एस सबर्बनचा, कुणाचा विश्वास बसत नाही. २००२मध्ये दिल्ली विद्युत बोर्ड मोडलं तेव्हा बीएसईएसनं दोन तुकडे घेतले. त्यानंतर मुंबईत नाव गेलं, रिलायन्स एनर्जी झालं, मग रिलायन्स इन्फ्रा, आणि २०१८ला मुंबईचा धंदा सुमारे १८,८०० कोटींच्या व्यवहारात अदानींकडे. दिल्लीचे तुकडे त्या व्यवहारात नव्हते. त्यामुळे वांद्र्याच्या कंपनीचं नाव वांद्र्यात नाही, लाजपत नगरात आहे.

---

म्हापसेकर

आमच्या गोंयात असला घोळ ना. कंपनीच नाही! वीज खातं, सरळ सरकारी, मुख्य वीज अभियंता. लाईट गेली की शिव्या द्यायला एकच पत्ता. :)

---

फ्यूजउडाला

गॅसचं पुढे काय झालं पण? बॉम्बे गॅसच महानगर गॅस झाली का?

---

तारवाला

नाही, दोघींचा कुळाचा संबंध नाही. बॉम्बे गॅस महानगर गॅस येण्याच्या बरीच आधी बंद पडली होती. कलकत्त्यात सरकारनं ओरिएंटल गॅस कायदा करून ताब्यात घेतली, मुंबईत तसं झालं नाही. मधल्या काळात सिलिंडरनं बाजी मारली होती; जमिनीखाली नळ टाकायची गरजच कुणाला वाटेना.

महानगर गॅस १९९५ची. केंद्र सरकारची गॅस कंपनी ‘गेल’, ब्रिटिश गॅस आणि राज्य सरकारचा हिस्सा. बॉम्बे हायला तेल-गॅस १९७४ला सापडला, गॅस उरणला उतरू लागला, तरी शहरभर नळ टाकायला एवढी वर्षं गेली. ब्रिटिश गॅस म्हणजे मार्गारेट थॅचरनी १९८६ला विकलेली इंग्लंडची सरकारी गॅस कंपनी, आणि ती सरकारी झाली होती १९४९ला तिथल्या शेकडो पालिका व खाजगी गॅस कंपन्या एकत्र करून. तिचा उत्पादन-व्यापाराचा भाग २०१६ला शेलनं घेतला, शेल २०१९ला महानगरमधून पूर्ण बाहेर. तर मुंबईच्या नळाच्या गॅसमध्ये इंग्लंडचा पैसा दोनदा आला आणि दोनदा गेला.

पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस, २००६ची, गेल आणि भारत पेट्रोलियमची.

---

कलमबहाद्दर

गॅसमध्ये २००६च्या नियामक कायद्यानं नवं पण ओळखीचं कलम आलं. एका भौगोलिक क्षेत्रात नळांचं जाळं टाकणाऱ्याला साधारण पंचवीस वर्षं एकाधिकार, त्याआधीच काही वर्षांत विक्री इतरांना खुली करायची. एकवीस, बेचाळीस, पंचवीस. आकडे फिरतात, प्रश्न तोच: रस्ता खोदणाऱ्याला किती वर्षं एकटं सोडायचं.

आणि विजेत जुनी लायसन्सं खरंच मेली नाहीत याचा पुरावा देतो. टाटा विरुद्ध रिलायन्स. वाद असा की टाटांनी फक्त ठोक वीज विकायची की घरगुती ग्राहकालाही? सुप्रीम कोर्टानं जुलै २००८मध्ये निकाल देताना काय उघडून वाचलं? १९०७चं बॉम्बे हायड्रो-इलेक्ट्रिक लायसन्स, १९१९चं आंध्रा व्हॅलीचं, १९२१चं निळा-मुळेचं, म्हणजे मुळशीच्या प्रकल्पाचं. त्यांत किरकोळ विक्रीला मनाई नव्हती, म्हणून टाटांना मुभा. २००९ला आयोगानं रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घ्यायला परवानगी दिली आणि उपनगरांतले लाखो ग्राहक बदलले.

---

घाटकोपरचा घोडा

आम्ही बदललो होतो. सुरुवातीला बिल उतरलं. मग वहन आकार (तारा वापरायचं भाडं), वर क्रॉस-सबसिडीचा अधिभार (दुसऱ्या ग्राहकांच्या सवलतीसाठी घेतलेली जादा रक्कम), मग दरांचं गणित फिरलं आणि सोसायटीतले निम्मे परत गेले. तार एकाची, वीज दुसऱ्याची, आणि लाईट गेली की दोघं एकमेकांकडे बोट.

---

माहीमकर वहिनी

बेस्टच्या ग्राहकांना ही मुभा का नाही मिळाली?

---

कलमबहाद्दर

वहिनी, बेस्ट स्थानिक संस्थेची असल्यामुळे २००३च्या वीज कायद्यात तिला संरक्षण आहे, तिच्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती नाही. टाटांना स्वतःच्या तारा टाकून तुमच्या हद्दीत वीज देता येईल असं कोर्टानं पुढे म्हटलं. पण काळबादेवीत किंवा माहीमच्या चाळींत पुन्हा रस्ता खोदून दुसरी केबल कोण टाकणार? त्यामुळे हक्क कागदावर जास्त.

---

माहीमकर वहिनी

आणि बसचा तोटा आमच्या वीजबिलात टाकत होते ते?

---

तारवाला

१९०५ची जोडगोळी! आधी ट्राम विजेला पोसत होती, नंतर वीज बसला पोसू लागली. बिलावर काही वर्षं परिवहन तुटीची वेगळी रक्कमच यायची, त्यावरून आयोग, लवाद, कोर्ट सगळं झालं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला ते फारसं गैर वाटत नाही. बस स्वस्त राहिली तर शहर चालतं, आणि शहर चाललं तर वीज खपते. पण कुलाब्याच्या ग्राहकानं बोरिवलीला जाणाऱ्या बसचे पैसे का भरावे, याला माझ्याकडे उत्तर नाही. बस अख्ख्या मुंबईत धावते, वीज माहीम-शीवपर्यंतच.

---

घाटकोपरचा घोडा

सगळीकडे दोन-दोन कंपन्या येऊ द्या. स्पर्धा झाली की आपोआप सरळ होतील.

---

खानदेशी वायरमन

२०२२मध्ये तसेच अर्ज झाले होते की. मुलुंड, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागांत समांतर लायसन्स मागितलं अदानींनी. जानेवारी २०२३ला आमच्या लोकांनी संप पुकारला तो त्यावरूनच. कुणीही जव्हार, अक्कलकुवा किंवा मेळघाट मागितलेलं नाही. जिथं मॉल, डेटा सेंटर, कारखाने तिथंच समांतर तार. त्या मोठ्या बिलांतूनच शेतीपंपाची आणि गरीब घराची सूट निघते. मलई गेली की उरलेल्यांचा दर वाढवा किंवा सरकारनं तिजोरीतून द्या, तिसरा मार्ग दाखवा.

---

घाटकोपरचा घोडा

काका, मग कारखानदारानं का भरावं? तोही गुजरातला जातोच की महाग विजेमुळे.

---

खानदेशी वायरमन

जातो, नाही म्हणत नाही. म्हणून म्हणतो, सूट द्यायची तर सरकारनं अर्थसंकल्पात दाखवून द्यावी, कंपनीच्या बिलात लपवून नाही. मंडळात असताना हे बोलता येत नव्हतं.

---

मुलुंडचा मध्यमवर्गीय

बाकी चर्चा वाचली, छान आहे. मी मुलुंड पूर्वेला राहतो. ते समांतर लायसन्स मिळालं तर अर्ज कुठे करायचा, कुणाला माहीत आहे का?